केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलमधील रंगीत काचा दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने घडवलेल्या आहेत का?

नाही, तेथील बहुतेक रंगीत काचा प्रामुख्याने फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातील) कारागिरांनी 1515 ते 1531 या काळात घडवलेल्या मूळच्याच आहेत. महायुद्धात बॉम्बहल्ल्याच्या भीतीने त्या उतरवून सुरक्षित ठिकाणी ठेवल्या होत्या आणि युद्ध संपल्यावर पुन्हा बसवल्या गेल्या. जॉन वॉस्टेल याने 1512 ते 1515 दरम्यान उभारलेले पंख्यासारखे दगडी छत मात्र उतरवणे शक्यच नव्हते. त्याहून नवल असे की, 1640 च्या दशकातील इंग्लंडच्या यादवी युद्धात संसदेच्या सैनिकांनी याच चॅपेलमध्ये कवायत केली, तरीही या काचा वाचल्या. अपवाद पश्चिमेकडील मोठ्या खिडकीचा: तिची रंगीत काच 1879 मधील असून महायुद्धात ती जागेवरच होती.