सुपरवायझर नेमला, तरी सगळे माझ्याकडेच येतात

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं, म्हणजे संगणक-नियंत्रित मशीनवर इतर कंपन्यांचे सुटे भाग बनवून देण्याचं वर्कशॉप आहे. कामगार ८ वरून २२ झाले. जुन्या ऑपरेटरला सुपरवायझर केलं, तरी रजेपासून रिजेक्शनपर्यंत (नापास झालेले भाग) सगळे माझ्याकडेच येतात. काय करावं?

उत्तर : तुम्ही पद दिलंत, अधिकार दिले नाहीत. रजा, ओव्हरटाइम, मशीनवाटप आणि ठरावीक रकमेपर्यंतची टूल-खरेदी त्याच्याकडे सोपवा. तसं सर्वांसमोर सांगा. कोणी थेट तुमच्याकडे आला, तर उत्तर न देता त्याच्याकडे पाठवा. इथेच बहुतेक मालक ढिले पडतात. त्याचा निर्णय चुकला तर एकांतात बोला, कामगारांपुढे फिरवू नका. शिवाय त्याला निम्मा वेळ तरी मशीनवरून मोकळा करा. दिवसभर मशीनवर भाग काढणारा माणूस २१ जणांकडे बघणार कधी? शिफ्टच्या सुरुवातीला १० मिनिटं उभ्यानंच बैठक घ्यावी : कालचं रिजेक्शन, आजचं टार्गेट, बंद मशीन. ती त्यानंच चालवावी, तुम्ही नाही.