औषध चांगलं आणि ड्रग वाईट, एवढं लिहिलं तर चालेल का?

तुमच्या मुलीला नववीत 'औषधे, अमली पदार्थ आणि व्यसन' असा प्रकल्प आहे आणि वरचं एक वाक्य पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. ते वाक्यच चुकीचं आहे. कर्वेनगरला माझं मेडिकल आहे, म्हणून जरा जोर लावूनच सांगते.

माझे एक चुलत सासरे निवृत्तीनंतर शाळाशाळांतून व्यसनमुक्तीवर बोलतात. हातात कवटीचं पोस्टर, तोंडी गांजा, चरस आणि 'आजची पिढी'. मुलं टाळ्या वाजवतात. एकदा असंच भाषण उरकून काका तडक माझ्या काउंटरवर आले. खिशातून चिठ्ठी काढली, घड्यांवर फाटलेली, तारीख मागच्या वर्षीची. झोपेची गोळी, अल्प्राझोलम. म्हणाले, "दोन स्ट्रिपा दे." मी म्हटलं, "काका, नवी चिठ्ठी आणा, ही शेड्यूल एच-वनमधली आहे." दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. काका म्हणाले, "सूनबाई, घरच्या माणसाला कायदा शिकवतेस? मी काय गर्दुल्ला आहे?"

एच-वन म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, जास्त जपून द्यायच्या औषधांची सरकारी यादी. तिचा नियम 2014 पासून आहे. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. मी स्ट्रिप काढून ती चौकट काकांना दाखवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. माझ्या लग्नात पंगतीत आग्रह करकरून जिलब्या वाढणारा माणूस तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि सासूबाईंच्या मते चूक माझी.

तर प्रकल्पात हे लिहा: पदार्थ तोच, पण कोणाला, किती, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर सगळं ठरतं. मॉर्फिन कॅन्सरच्या वेदनेवर देतात आणि त्याचंच व्यसनही लागतं. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी, सगळ्यांची तीच कथा. अल्प्राझोलम तर 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखालीही येतं. उलट तंबाखूला चिठ्ठी लागत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. आपल्याकडे कितीतरी आज्या सकाळी मिश्री लावतात आणि तिला व्यसन म्हणायला घरात कोणी धजत नाही. ड्रग्जचे प्रकार, त्यांचे परिणाम वगैरे पुस्तकात असेलच, ते तिथून उतरवा.

पोस्टर करायचंच असेल तर कवटी नको. घरातला औषधांचा डबा पालथा करा आणि लाल चौकटीची पाकिटं मुलीला स्वतः शोधू द्या. आणखी काही हवं असेल तर पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच. 1986 पासून ते व्यसन सोडवायचंच काम करतात, तेही कोणाला कवटी न दाखवता.

एक राहिलंच. डब्यात कोणाची रोजची झोपेची गोळी सापडली तर घाबरून एकदम बंद करू नका. बरेच दिवस चालू असलेली अशी गोळी अचानक थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात. नव्या चिठ्ठीचा आग्रह मी त्यासाठीच धरला होता, पण काका तोवर समोरच्या मेडिकलमध्ये पोचले होते. तिथे त्यांना काहीही न विचारता तीन स्ट्रिपा मिळाल्या.