लायटिंगच्या संघटनेत महिलांना पुढे आणण्यासाठी 'महिला विभाग' काढावा का?

प्रश्न असा आहे: आमच्या लायटिंग व्यावसायिकांच्या संघटनेत महिलांचं नेतृत्व तयार व्हावं म्हणून महिला विभाग काढायचा विचार आहे, तो कसा चालवावा?

काढू नका.

उत्तर खरं तर एवढंच होतं, पण प्रश्न वाचून जुनी ठणक उठली, तेव्हा थोडं लांबणार.

मी बेळगावची. लाइट फिटिंगचं दुकान आहे आणि सोबत वायरिंगची कामं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा माझा, सुपरवायझर परमिट माझं, त्या परमिटवर फर्मचं कंत्राटदार लायसन्स. आणि संघटनेचं सभासदत्व? नवऱ्याच्या नावावर. वीस वर्षं हे कुणाला खटकलं नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही. पावती फाडायला माणूस यायचा तेव्हा मी आत चोक मोजत असायची, हे गल्ल्यावर असायचे, पावतीवर यांचं नाव पडायचं.

मग एका महिला दिनाला महिला विभाग निघाला आणि मी प्रमुख झाले. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "कित्तूर चन्नम्माच्या जिल्ह्यात बाया मागं कशा ऱ्हातील?" शाल घातली, नारळ दिला. स्टेजवरून खाली उतरते तोवर सेक्रेटरी जवळ आले. "वैनी, वार्षिक सभेच्या रांगोळीचं तेवढं तुमच्याकडं हं." दोन वर्षांत विभागानं दोन हळदीकुंकू, एक पाककला स्पर्धा आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ओवाळणं एवढं केलं. बजेट नाही, कशावर सही नाही, कार्यकारिणीच्या बैठकीचं बोलावणं नाही. मत तर नव्हतंच, कारण सभासद आम्ही नव्हतो, आमचे नवरे होते.

त्या वर्षी संघटनेनं खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेला दिवे दिले. काम चांगलंच, वाद नाही. तिकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, आषाढात भर दुपारी वर्गातला फळा दिसत नाही. प्रत्येक वर्गात वीस वॉटच्या चार एलईडी पट्ट्या बसवल्या, एका सभासदाच्याच दुकानातल्या. उद्घाटनाला महिला विभाग अर्थातच औक्षणाला. निरांजन हातात घेऊन उभी होते, वर बघितलं आणि डोक्यात हिशेब सुरू झाला. ही माझी खोडच आहे, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा होतं. वर्ग वीस बाय पंचवीस फुटांचा, म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. एक पट्टी 2000 ल्युमेन धरा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड), चारच्या झाल्या 8000. वर कौलं, भिंती काळवंडलेल्या, निम्मा उजेड तिथंच गेला. राहिले 4000. भागिले 46. सत्याऐंशी लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला पडणारा उजेड. आयएस 3646 या खोल्यांमधल्या उजेडाच्या आपल्या भारतीय मानकात शिकवण्याच्या खोलीला 200 ते 500 धरलेत, मधला आकडा 300. तीनशे हवे असतील तर त्या खोलीला चौदा पट्ट्या लागतात, नाहीतर आधी भिंतींना पांढरा रंग देऊन वर छत मारा आणि मग मोजा.

कार्यक्रम संपला, मी अंधार पडेपर्यंत थांबले. पर्समधून लक्स मीटर काढलं (हो, पर्समध्ये असतं, रुमालाशेजारी). तिसऱ्या बाकावर 84. शेवटच्या बाकावर 61. अध्यक्षांना तिथंच दाखवलं.

"वैनी, पोरांस्नी दिसतंय न्हवं? मग झालं की."

शेजारी एक कन्नड सभासद होते, माणूस फार चांगला, ते म्हणाले, "साक बिड्री, अक्का." म्हणजे पुरे, सोडा आता. दोन्ही भाषांत एकच उत्तर मिळालं. सीमाभागात असं एकमत क्वचितच होतं.

मी लेखी पत्र दिलं. महिन्यानं बैठकीचं इतिवृत्त मागवून घेतलं. आमच्याकडं इतिवृत्त कन्नडात असतं, भांडण मराठीत होतं आणि बिलं इंग्रजीत निघतात. यांना कन्नड फर्डं बोलता येतं, वाचता येत नाही. माझं माहेर गोकाकचं, शाळा कन्नड, त्यामुळं मी वाचते. (गोकाकच्या धबधब्यावर 1887 सालीच वीज काढली, असं आमचं गाव अजून छाती काढून सांगतं. विजेचं वेड माहेरचंच.) इतिवृत्तात एकच ओळ होती, महिला विभागानं कार्यक्रमाची शोभा वाढवली. पत्राचा उल्लेखसुद्धा नाही. तोंडी उत्तर मात्र मिळालं. अध्यक्षांचं म्हणणं, मी मीटर जमिनीजवळ धरलं आणि त्यावर माझीच सावली पडली.

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

पुढच्या सभेत पुन्हा चन्नम्मांचं नाव निघालं तेव्हा मी उठले. म्हटलं, राणींना राहू द्या, आपल्याच धंद्यातली एक बाई सांगते. हर्था एअरटन. रस्त्यांवर कार्बनचे आर्क दिवे असायचे तेव्हाची. ते दिवे फुसफुसायचे, लुकलुकायचे. जळत्या कार्बनच्या टोकाशी हवेतला ऑक्सिजन पोचला की ते फुसफुसतात, हे हिनं दाखवून दिलं. 1899 मध्ये लंडनला विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत स्वतः उभं राहून तिनं निबंध वाचला आणि तिथली पहिली महिला सभासद झाली. 1902 मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या फेलोपदासाठी, म्हणजे सभासदत्वासाठी, तिचं नाव गेलं आणि अडलं. कशावर? लग्न झालेल्या बाईला फेलो होता येत नाही, असा वकिलांचा सल्ला आला. चार वर्षांनी त्याच सोसायटीनं तिला ह्यूज पदक दिलं. म्हणजे शाल दिली, खुर्ची नाही.

मागून एकानं टाळी वाजवली. सेक्रेटरींनी विचारलं, चहा सांगायचा का आता.

घरी आले आणि घटना काढून वाचली. संघटनेची, देशाची नव्हे. त्यात सभासद म्हणजे फर्म आणि फर्मनं लेखी नेमलेला एक प्रतिनिधी, एवढंच. नवराच पाहिजे असं कुठंही नाही. यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या. सही करताना म्हणाले, "आता सभेच्या जेवणाला मी कुणाबरोबर येऊ?" म्हटलं, सपत्नीक असतं तसं सपतीक या.

नंतर 18 जुलै 2022 ला एलईडी दिव्यांचा जीएसटी 12 चा 18 टक्के झाला. गल्लीभर गोंधळ. मी एक पान तयार केलं, एका बाजूला मराठी, पाठीमागं कन्नड: बिलात काय बदलायचं, कॉम्प्युटरमध्ये दर कुठं बदलायचा. ते व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि ज्यांनी कधी "वैनी, चहा" यापलीकडं बोलणं केलं नव्हतं त्यांचे फोन यायला लागले. निवडणुकीत खजिनदारपदासाठी माझं नाव त्यातल्याच एकानं सुचवलं. बिनविरोध झाले. फार फुशारकी नको, मागच्या खजिनदारांनी दोन वर्षांचा हिशेब कापडी पिशवीत भरून दिला होता, ती पिशवी बघून दुसऱ्या उमेदवारानं माघार घेतली.

पण चेकवर दोन सह्या लागतात, त्यातली एक आता माझी होती. पुढच्या शाळेच्या दिव्यांचा ठराव आला तेव्हा म्हटलं, ल्युमेनचा हिशेब जोडा, मग सही करते. आदळआपट झाली. आता न सांगता हिशेब जोडून येतो. परवा एका तरुण पोरानं तर डायलक्स या उजेडाचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खी खोली काढून आणली.

तर तुमचा प्रश्न. विभाग काढण्याआधी सभासदांची यादी घ्या आणि दुकानं फिरा. कोटेशन कोण करतं, कंपनीच्या माणसाशी भावाची घासाघीस कोण करतं, उधारीची वही कुणाच्या हातात आहे, ते बघा. त्या बायकांची नावं प्रतिनिधी म्हणून लेखी आणा. मग त्यांना पैशाच्या जागी बसवा किंवा तांत्रिक समितीत. तांत्रिक त्यांना झेपेल का असं कुणी विचारलं तर सांगा, ए. ललिता 1943 साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. आणि जगभर प्रकाश मोजायचे नियम ठरवणारी सीआयई 1913 पासून आहे, तिच्या अध्यक्षपदावर 2023 मध्ये जेनिफर व्हीच आल्या, त्या मूळच्या मानसशास्त्राच्या. आणि बैठकीची वेळ बदला. आमच्या बैठका दुकानं बंद झाल्यावर रात्री साडेनऊला व्हायच्या, त्या वेळी घरी भाकरी कोण थापतंय हे कुणी विचारलं नव्हतं. आता दुपारी तीनला असतात, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. पुरुषांनाही तेच सोयीचं निघालं.

हे सगळं गल्लीतल्या दुकानदारांच्या लहान संघटनेपुरतं. कारखानदारांच्या किंवा डिझायनरांच्या मोठ्या संस्थांत काय चालतं ते तिथल्यांनी सांगावं. दुसरं, यांनी पत्र दिलं म्हणून माझं जमलं. ज्यांच्या घरी त्या दोन ओळी मिळणार नाहीत त्यांनी काय करावं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. आणि महिला विभागामुळंच मला दहाबारा जणी भेटल्या, त्यातल्या तिघी आज सभासद आहेत, हेही कबूल करते. रांगोळीवर तर माझा राग नाहीच, माझी रांगोळी चांगली असते.

आमचे ते अध्यक्ष आता माजी झालेत आणि या साइटवर बरंच वाचत असतात, असं त्यांची सून सांगते. तेव्हा अण्णा, मीटर बाकावर ठेवलं होतं, जमिनीजवळ नाही. मी दोन पावलं मागं उभी होते. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट त्याच महिन्यातलं आहे, संघटनेच्या फाइलमध्ये लावून ठेवलंय. 84 च होतं.