रेसमधून निवृत्त झालेल्या थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) घोडीला कांडी भरून, म्हणजे कृत्रिम रेतनानं, झालेलं शिंगरू शर्यतीत पळेल का?

नाही. शेतावर कांडी भरून झालेलं शिंगरू पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर पळू शकणार नाही, मग त्याची आई कितीही शर्यती जिंकलेली असो. गाई-म्हशींत कृत्रिम रेतन नेहमीचं असलं, तरी थरोब्रेडमध्ये जगभर फक्त घोडा-घोडीचं नैसर्गिक मिलनच मान्य आहे. आपल्याकडे थरोब्रेडच्या वंशाची नोंद पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते आणि आई-बाप डीएनएवरून तपासले जातात, त्यामुळे कागद रंगवून काही साधत नाही.

म्हणजे घोडी नोंदणीकृत स्टॅलियनकडे (प्रजननाच्या घोड्याकडे) न्यावी लागेल, आणि तेही हंगामात. दिवस मोठे होऊ लागले की घोडी माजावर येते: शेपूट बाजूला धरून उभी राहते, थोडी थोडी लघवी करते. साधारण एकवीस दिवसांनी माज परत येतो. गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. डिसेंबरात व्यायली तर फार वाईट, कारण आपल्याकडे १ जानेवारीला प्रत्येक थरोब्रेडचं वय एक वर्षानं वाढतं, म्हणजे काही दिवसांचं शिंगरूही वर्षाचं धरलं जातं.

चांगल्या घोडीचं रक्त पुढे उतरतं, यात शंका नाही. अर्बन सी ही घोडी १९९३ मध्ये पॅरिसची आर्क ही मोठी शर्यत जिंकली. तिचे मुलगे गॅलिलिओ (२००१) आणि सी द स्टार्स (२००९) दोघेही इंग्लंडची एप्सम डर्बी शर्यत जिंकले.

फक्त रपेटीसाठी शिंगरू हवं असेल तर रेतनाला हरकत नाही. मात्र घोडी घेताना पासपोर्ट (घोडीचं ओळखपत्र) आणि मालकीचे कागद मागाच. काही मालक प्रजनन करायचं नाही या अटीवरच घोडी देतात.