रस्त्यावरची यंत्रणा इतकी सहज ‘हॅक’ कशी होते? आणि कुणाला इजा न करणारी खोडी काढली तर बिघडतं काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सिग्नल, इलेक्ट्रॉनिक फलक, पादचाऱ्यांची बटणं यांत शिरणं इतकं सोपं का असतं, हा पहिला प्रश्न. आणि कुणाचं नुकसान होणार नसेल तर तिथे एखादा गमतीदार संदेश टाकण्यात गैर काय, हा दुसरा. मी बरीच वर्षं सिग्नलच्या देखभालीचं काम केलं आहे. दुसरा प्रश्न माझ्या जास्त जिव्हाळ्याचा, पण पहिल्याचं उत्तर कळल्याशिवाय त्याचं उत्तर पटणार नाही.

चौकाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक पेटी उभी असते. तिच्यात दिव्यांचं वेळापत्रक चालवणारा कंट्रोलर असतो, दिव्यांना वीज सोडणारे स्विच असतात, रस्त्यात पुरलेल्या सेन्सरच्या तारा येतात. ही पेटी उन्हापावसात रात्रंदिवस एकटी उभी असते. तिला राखणदार नसतो. आणि बऱ्याच शहरांत सगळ्या पेट्यांना एकच किल्ली चालते. ऐकायला हे बेजबाबदार वाटतं, पण त्यामागे कारण आहे. रात्री दोन वाजता चौक बंद पडला, तर ज्याची पाळी असेल त्याला ती पेटी उघडता आलीच पाहिजे. किल्ल्यांचा जुडगा चाळत बसायला तेव्हा वेळ नसतो.

पुढे पासवर्ड आले तेव्हा हीच सवय त्यांनाही लागली. यंत्र कारखान्यातून एका ठरावीक पासवर्डसह येतं. तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका इंटरनेटवर कुणालाही मिळते. यंत्र बसवणारा ठेकेदार तो बदलत नाही, कारण निविदेत तशी अटच नसते. देखभाल करणाराही बदलत नाही, कारण उद्या आपण नसताना दुसऱ्या कुणाला आत जावं लागलं तर त्याला तो कोण सांगणार? मी ज्या कार्यालयासाठी काम करत होतो, तिथे यावर एक सविस्तर पत्र लिहिलं होतं. ‘नोंद घेतली’ एवढं उत्तर आलं. पुढच्या चार वर्षांत एकही पासवर्ड बदलला गेला नाही. त्याचा राग मला अजून आहे.

वयाचाही प्रश्न आहे. चांगला कंट्रोलर पंधरा-वीस वर्षं सहज चालतो. तो बनवला गेला तेव्हा नेटवर्क हा विषयच नव्हता. समोर उभं राहून बटणं दाबायची, एवढंच. नंतर रस्ते खोदून केबल टाकण्याचा खर्च वाचवायला त्याला रेडिओ जोडले गेले. यंत्र तेच राहिलं, पण त्याच्यापर्यंत पोचायला आता पेटी उघडण्याची गरज उरली नाही.

2014 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांच्या गटाने हेच तपासलं. स्थानिक रस्ते यंत्रणेची परवानगी घेऊन त्यांनी सुमारे 100 सिग्नलांचं जाळं पाहिलं. रेडिओवरचा संवाद कूटबद्ध नव्हता, म्हणजे तो कुणालाही वाचता येत होता, आणि नाव-पासवर्ड कारखान्यातलेच होते. एकदा जाळ्यात शिरल्यावर दिव्यांच्या वेळा लॅपटॉपवरून बदलता येत होत्या. त्याच वर्षी सेझार सेरुडो या संशोधकाने दाखवलं की रस्त्यात पुरलेले बिनतारी वाहन-सेन्सर जी माहिती पाठवतात तीही उघडीच असते. ‘इथे गाडी उभी आहे’ असं खोटं सांगितलं, तरी समोरचं यंत्र विश्वास ठेवतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिनेमात दाखवतात तसे चारही बाजूंचे दिवे एकदम हिरवे करता येत नाहीत. पेटीत कंट्रोलरपासून वेगळा असा एक पहारेकरी बसवलेला असतो. आम्ही त्याला कॉन्फ्लिक्ट मॉनिटर म्हणतो. दिव्यांकडे जाणाऱ्या तारांमध्ये प्रत्यक्ष वीज आहे की नाही, एवढंच तो बघत असतो. कुठल्या दिशा एकत्र हिरव्या चालतील हे नेटवर्कवर नव्हे, तर एका कार्डावर तारांचे तुकडे डाख देऊन ठरवलेलं असतं. दोन विरुद्ध हिरवे एकत्र लागले, की अर्ध्या सेकंदाच्या आत तो कंट्रोलरला बाजूला सारतो आणि चौक लुकलुकत्या लालवर टाकतो. मग कितीही हुशार माणूस दुरून काहीही करो, कुणीतरी तिथे जाऊन पेटी उघडून त्याला पूर्ववत केल्याशिवाय चौक सुरू होत नाही. ज्यांनी ही रचना केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सॉफ्टवेअरवर विसंबायचं नाही, हे त्यांनी सॉफ्टवेअर रस्त्यावर यायच्या आधीच ठरवलं होतं.

म्हणून सिग्नलमध्ये शिरणाऱ्याच्या हाती अपघात सहसा लागत नाही, कोंडी लागते. 2006 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या दोन वाहतूक अभियंत्यांनी कर्मचाऱ्यांच्या आंदोलनाच्या काळात फक्त चार चौकांच्या वेळा बिघडवल्या. ते पूर्ववत व्हायला चार दिवस लागले. दोघांनीही पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या चार दिवसांत कोंडीत किती रुग्णवाहिका अडकल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण प्रत्येक यंत्राच्या मागे असा पहारेकरी नसतो. पोलंडमधल्या वूच शहरात 2008 च्या जानेवारीत 14 वर्षांच्या एका मुलाने टीव्हीच्या रिमोटमध्ये फेरफार करून त्याने ट्रामच्या रुळांचे सांधे बदलायला सुरुवात केली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो सगळ्या ट्रामजाळ्याशी खेळण्यातल्या आगगाडीसारखा खेळत होता. चार ट्राम रुळांवरून घसरल्या आणि 12 माणसं जखमी झाली. त्या मुलाला कुणाला दुखवायचं होतं, असं मला वाटत नाही. सांधा बदलतो का, एवढंच त्याला बघायचं असणार.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. निरुपद्रवी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या खोड्या काही एका जातीच्या नाहीत.

2009 च्या जानेवारीत टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये कुणीतरी रस्त्याच्या कामाचा फिरता फलक बदलून त्यावर ‘सावधान! पुढे झॉम्बी’ असं लिहिलं. जगभर हसू झालं आणि इतर राज्यांतही तशाच खोड्या निघाल्या. मलाही तेव्हा हसू आलं होतं, हे खोटं कशाला सांगू? पण तो फलक तिथे पुढे काम चालू असल्याचं सांगायला ठेवलेला होता. लेन कुठे बंद आहे, माणसं कुठे उभी आहेत हे सांगणारं वाक्य पुसून त्या जागी गंमत आली. वेगात येणाऱ्या चालकाचं लक्ष ज्या क्षणी रस्त्यावरच्या कामगारांकडे जायला हवं, त्या क्षणी तो फलकाचा फोटो काढत असतो. मी स्वतः रस्त्यात शंकूंच्या मागे, वाहनांकडे पाठ करून काम केलं आहे. तो फलक आपल्या मागे खरं बोलतोय, या एका भरवशावर आम्ही पाठ करतो.

याउलट 2001 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रिचर्ड अँक्रम या चित्रकाराने जे केलं ते बघा. एका महामार्गावरच्या फलकावर पुढच्या वळणाचा, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या 5 क्रमांकाच्या रस्त्याचा उल्लेखच नव्हता आणि लोक चुकत होते. त्याने सरकारी मापांचा अभ्यास करून हुबेहूब क्रमांक-चिन्ह आणि ‘उत्तर’ हा शब्द बनवला, कामगाराचा पोशाख घातला आणि भरदिवसा फलकावर चढून तो बसवला. बातमी फुटल्यावर रस्ते विभागाने ते काम तपासलं आणि तसंच राहू दिलं. 2009 मध्ये फलक बदलला तेव्हा नव्यावर ती माहिती अधिकृतपणे आली. कायद्याने ही परवानगी नव्हतीच, आणि त्याच्या हातून एखादं अवजार खाली गाड्यांवर पडलं असतं तर गोष्ट फार वेगळी झाली असती. तरी त्या फलकाने वाटसरूला आधीपेक्षा जास्त खरं सांगितलं.

किंवा 2020 मधला बर्लिनचा कलाकार सायमन वेकर्ट. त्याने एका हातगाडीत 99 फोन ठेवले आणि ती रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली. गूगलला त्या फोनांच्या गाड्या वाटल्या आणि नकाशावर तो रस्ता लाल, म्हणजे कोंडीचा, झाला. त्याने कुणाचं कुलूप उघडलं नाही, कुणाचा पासवर्ड वापरला नाही. नकाशा कशावर विश्वास ठेवतो एवढं दाखवलं. ती कल्पना मला फार आवडते.

यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. ती वस्तू ज्याच्यासाठी उभी केली आहे, त्याला खोडीनंतरही तेवढंच खरं सांगते का? हसणारे कोण आणि किती, हे मी मोजत नाही. त्या वस्तूवर विसंबून पाऊल टाकणारा कोण, ते बघतो.

या कसोटीवर 2025 च्या एप्रिलमधली कॅलिफोर्नियातली खोडी मला अजिबात निरुपद्रवी वाटत नाही. पालो आल्टो, मेनलो पार्क आणि रेडवुड सिटीमध्ये पादचाऱ्यांची बटणं दाबल्यावर इलॉन मस्क आणि मार्क झुकरबर्ग यांच्या नकली आवाजांतली भाषणं ऐकू येऊ लागली. काही दिवसांनी सिएटलमध्ये जेफ बेझोस यांचा आवाज आला. या बटणांचे आवाज फोनवरच्या अ‍ॅपने, ब्लूटूथवरून बदलता येतात. तंत्रज्ञाला खांब उघडावा लागू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

ते बटण कुणासाठी असतं, हे डोळस माणसाच्या लक्षातच येत नाही. आपण दाबतो, समोरचा दिवा बघतो आणि निघतो. अंध माणसाला ते बटण आधी शोधायचं असतं. म्हणून ते दर सेकंदाला एकदा हलकीशी टकटक करतं. त्यावरचा उठावाचा बाण कुठल्या दिशेने ओलांडायचं ते सांगतो. चालायची वेळ झाली की बाण थरथरतो आणि टकटक जलद होते, किंवा आवाज रस्त्याचं नाव घेऊन ‘आता चाला’ असं सांगतो.

एकदा अशाच एका बटणाची तक्रार आली म्हणून मी गेलो होतो. खोडी नव्हती, आतला स्पीकर गेला होता. खांबाला हात टेकवून एक वयस्कर गृहस्थ उभे होते, हातात पांढरी काठी. मी विचारलं, “काका, पलीकडे सोडू का?” ते म्हणाले, “चार वेळा गाड्या थांबल्याचं ऐकलं. पण कुठल्या बाजूच्या थांबल्या ते कळेना. रोज हे सांगतं.” ते रोज एकटे तो रस्ता ओलांडत होते. त्या दिवशी त्यांना माझा दंड धरावा लागला. ‘रोज हे सांगतं’ हे त्यांनी ज्या स्वरात म्हटलं, तो माझ्या कानात राहिला आहे.

कॅलिफोर्नियात पुढे काय झालं? पालो आल्टोने दुरुस्ती होईपर्यंत बटणांचं बोलणंच बंद केलं. ज्या श्रीमंत माणसांची चेष्टा करायची होती त्यांना काही फरक पडला नाही. आवाज गेला तो त्या आवाजावर रस्ता ओलांडणाऱ्यांचा. हेच मला तुमच्यासारख्या, मनात वाईट काही नसलेल्या माणसाला कळकळीने सांगायचं आहे.

भोंग्यांचंही तसंच. 2017 च्या एप्रिलमध्ये डॅलस शहरातले वादळाचा इशारा देणारे सगळे 156 भोंगे कुणीतरी रेडिओ संकेत पाठवून मध्यरात्रीच्या सुमारास वाजवले. दीड तासाहून जास्त काळ गोंधळ चालला आणि आपत्कालीन क्रमांकावर हजारो फोन गेले. पुढच्या खऱ्या भोंग्याला एखादा माणूस ‘असेल कुणाची तरी मस्करी’ म्हणून कूस बदलून झोपला, तर ते कुठल्याच अहवालात येत नाही.

आणि यात संगणकच लागतो असं नाही. 1996 मध्ये फ्लोरिडात टॅम्पाजवळच्या एका चौकात ‘थांबा’चा फलक जागेवर नव्हता आणि गाडीतली तीन तरुण मुलं ट्रकच्या धडकेत गेली. फलक चोरल्याच्या आरोपावरून तिघांना मनुष्यवधाची शिक्षा झाली, ती 2001 मध्ये अपिलात रद्द झाली. दोषी कोण हा न्यायालयाचा विषय. फलक तिथे नव्हता, हे मात्र कुणी नाकारलं नाही.

कमकुवतपणा शोधूच नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. शोधणारे नसते तर माझ्या त्या पत्रासारखी सगळी पत्रं फाइलीतच राहिली असती. मिशिगनच्या गटाने आधी परवानगी घेतली होती. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी दाखवलं की सायकलस्वारांसाठीच्या अ‍ॅपला खोटा सायकलस्वार दाखवून सिग्नल हिरवा करून घेता येतो. त्यांनी ते जाहीर केलं, पण अ‍ॅपची आणि शहरांची नावं सांगितली नाहीत. तुम्हाला उघडी पेटी दिसली, फलकाचा कीबोर्ड बाहेर लोंबकळताना दिसला किंवा पासवर्डची शंका आली, तर खात्री करायला आत शिरू नका. तुम्ही जिथे थांबलात तिथपर्यंतच लिहा: जागा, पेटीवरचा किंवा खांबावरचा क्रमांक, काय दिसलं आणि केव्हा. पत्र रस्ते यंत्रणेला पाठवा, यंत्र बनवणाऱ्या कंपनीलाही पाठवा आणि सायबर सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेला प्रत द्या. तीन ठिकाणी गेलेलं पत्र नुसती नोंद घेऊन दाबून टाकणं अवघड जातं.

आणि पुढच्या वेळी असं बोलणारं बटण असलेला रस्ता ओलांडाल तेव्हा दाबल्यावर क्षणभर थांबून ऐका. टकटक येत नसेल, बाण थरथरत नसेल, तर तेवढं कळवा. डोळस माणसं ते कधीच कळवत नाहीत, कारण त्यांना ते बंद पडलेलं कळतच नाही. आमच्याकडे अशा बटणांच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या त्यांच्याकडूनच यायच्या, जे त्यामुळे तिथे अडकून पडलेले असायचे.