गुळगुळीत नळी की आटेदार? आधी अंतर सांगा

तुमचा प्रश्न असा आहे: बारा बोअरची पंप बंदूक आहे, नळी गुळगुळीत, पुढच्या हंगामात छऱ्यांऐवजी स्लग, म्हणजे एकच जाड गोळी, वापरून हरीण आणि रानडुकराची शिकार करायची आहे, तर आतून आटे (पिळाच्या खाचा) पाडलेली म्हणजे रायफल्ड नळी वेगळी घ्यावी की आहे तिच्यावरच भागवावं? वर दोघांनी "डोळे झाकून आटेदार घ्या" असं सांगितलंय. मला ते पटत नाही. तुमचा बार साठ-सत्तर मीटरच्या आतच निघणार असेल तर नळीवर आत्ता पैसे घालू नका, आधी नेम धरायच्या साधनावर घाला. शंभरच्या पुढे मारायचं असेल तर मात्र आटेदार नळीला पर्याय नाही.

गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी स्वतःभोवती फिरत नाही. तरी ती सरळ जाते, ती शटलकॉकच्या तत्त्वावर. फॉस्टर प्रकारची स्लग मागून पोकळ असते, वजन सगळं नाकात. हवेचा रेटा मागच्या पोकळ भागाला बसतो आणि नाक पुढे राहतं. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ साली हा आकार काढला. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी त्याच्या कितीतरी आधी, १८९८ मध्ये, वेगळी युक्ती केली होती: गोळी भरीव ठेवायची, पण तिच्या बुडाला हलका वॅड, म्हणजे बुचासारखा तुकडा, पक्का जोडायचा. तो वॅड गोळीबरोबरच जातो आणि तिला सरळ ठेवतो.

दोन्हींच्या अंगावर तिरप्या कडा असतात. त्यांच्यामुळे गोळी गरगरत जाते असं बरेच जण मानतात, पण ती फिरकी नावापुरतीच. त्या कडांचं खरं काम म्हणजे चोकमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या अरुंद भागातून, जाताना शिशाला दबायला जागा देणं. खोक्यावर "रायफल्ड स्लग" छापलेलं असतं ते याच कडांमुळे, आणि ते काडतूस गुळगुळीत नळीसाठीच असतं. हा घोळ दुकानात काउंटरच्या दोन्ही बाजूंना होताना पाहिलाय, तेव्हा खोकं नीट वाचून घ्या.

आटेदार नळीचं काडतूस म्हणजे सॅबोट. आत साधारण अर्ध्या इंचाची गोळी, भोवती प्लास्टिकचं कवच. आटे प्लास्टिकला धरतात, कवच गोळीला फिरवतं आणि नळीबाहेर पडल्यावर सुटून मागे राहतं. हेच काडतूस गुळगुळीत नळीतून मारलंत तर गोळीला फिरकीच मिळत नाही. ती हवेत कलंडते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी, लांबट फट दिसते. महागडं काडतूस वाया. उलट बाजूने, फॉस्टर स्लग आटेदार नळीतून मारायला धोका नाही, पण मऊ शिसं आट्यांत बसत जातं आणि थोड्याच बारांत ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागतो. छरे तर आटेदार नळीतून मारूच नका, फिरकीमुळे ते भराभर पांगतात आणि मधे पोकळी राहते.

आता अंतराचं. एक औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची फॉस्टर सेकंदाला साधारण ४८० मीटर वेगाने निघते. पण आकार बोथट, त्यामुळे वेग झपाट्याने पडतो. शंभर मीटरला पोचेपर्यंत सुरुवातीच्या जोराचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, आणि ५० मीटरवर झिरो केलेली (नेम तिथे बरोबर लागेल अशी जुळवलेली) असेल तर ती तिथे पंधरा-वीस सेंटीमीटर खाली लागते. त्यात अंतराचा अंदाज चुकला आणि वारा आडवा असला की जनावर जखमी होऊन झाडीत जातं. चांगली आटेदार नळी आणि तिला मानवणारं सॅबोट असेल तर १२०-१५० मीटरपर्यंत भरवसा ठेवता येतो. "मानवणारं" मुद्दाम म्हणतोय. बारा बोअरमध्ये आट्यांचा एक वेढा साधारण २८ ते ३६ इंचांत पूर्ण होतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांनाही वेगवेगळी काडतुसं आवडतात.

पण बहुतेकांचं अडतं ते नळीपाशी नाही, नळीच्या टोकावरच्या पितळी मण्यापाशी. छऱ्यांची सवय म्हणजे बंदूक खांद्याला, नजर पक्ष्यावर, मणी दिसला तर दिसला. एकाच गोळीला हे चालत नाही. मागे साइट नसते तेव्हा तुमचा डोळाच मागची साइट असतो. डोळ्यापासून मण्यापर्यंत साधारण ९० सेंटीमीटर धरा. घाईत गाल दस्त्यावरून फक्त ५ मिलिमीटर वर राहिला तर ५० मीटरवर गोळी पंचवीसेक सेंटीमीटर वर जाते, म्हणजे हरणाच्या पाठीवरून. बंदूक तीच, काडतूस तेच, आणि माणूस म्हणतो स्लग बेभरवशाची. पुढे-मागे दोन्ही असलेली रायफल साइट, घोस्ट रिंग (मागे मोठं गोल कडं असलेली साइट) किंवा साधा रेड डॉट (भिंगात लाल ठिपका दाखवणारी साइट) यातलं काहीही बसवा, त्याच गुळगुळीत नळीचा ग्रुप तुम्हाला ओळखू येणार नाही.

इथे एक बारीक गोष्ट. पंप बंदुकीची नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या यंत्राच्या पेटीत, नुसती सरकवून बसवलेली असते, तिथे थोडा खेळ असतो. डॉट किंवा दुर्बीण रिसीव्हरवर बसवलीत आणि नळी काढून साफ केलीत, तर पुन्हा कागदावर तपासल्याशिवाय रानात जाऊ नका. नळीला धरून ठेवणारी मॅगझिनची टोपी कमी-जास्त आवळली तरी गोळी सरकते. पुढे आटेदार नळी घ्यायची झालीच तर कॅंटिलिव्हर माउंटवाली घ्या. दुर्बीण नळीलाच धरून राहते, नळी काढली-घातली तरी झिरो फारसा हलत नाही.

चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे अजिबात न आवळलेला किंवा अगदी थोडा आवळलेला, ठेवा. फुल चोकमधून स्लग नको. जुनी, पातळ नळी असेल तर मुळीच नको. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, पावणेतीन इंचांचं असेल तर तीन इंची काडतूस आत शिरलं तरी मारायचं नाही. आटेदार चोक ट्यूब मिळते, ती मधला मार्ग आहे. थोडा फायदा होतो, पूर्ण नळीची सर नाही. कल्पना जुनी आहे. कर्नल फॉसबेरी यांनी १८८५ मध्ये नळीच्या शेवटच्या काही इंचांतच आटे पाडायचं पेटंट घेतलं आणि हॉलंड अँड हॉलंडने त्यावर "पॅराडॉक्स" बंदुका काढल्या, एकाच बंदुकीतून छरेही आणि गोळीही. दुनाळीवाल्यांसाठी जाता जाता: दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागतील हे गृहीत धरू नका, दोन्ही वेगवेगळ्या तपासा.

रानडुकरासाठी मी फॉस्टरपेक्षा ब्रेनेके पसंत करतो. फॉस्टर मऊ, खांद्याच्या हाडावर लवकर चपटी होते. ब्रेनेके खोल जाते. हरणाला दोन्ही चालतात. जड गोळी झुडपं कापत सरळ जाते ही मात्र दंतकथा. फांदीला लागली की तीही वळते, तेव्हा मोकळी फट मिळेपर्यंत थांबा. आणि गोळी आरपार जाते हे धरून चाला: जनावराच्या मागे माती किंवा चढ दिसत नसेल, टेकडीच्या कडेवर जनावर आकाशाला लागून उभं असेल, तर चाप ओढायचा नाही.

एका बाबतीत माझं वरचं मत उलटतं. तुमच्या भागात शिकारीला शिशाची गोळी बंद असेल, जशी कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून आहे, तर तांब्याच्या स्लग घ्याव्या लागतील. त्या बहुतेक सॅबोटमध्ये येतात, म्हणजे आटेदार नळी ओघानेच आली.

तपासायची माझी रीत सांगतो. तीन-चार कंपन्यांची एकेक खोकी घ्या. आधी २५ मीटरवर कागदावर आणा, मग टेबलावर टेकवून ५० वर तीन-तीन बारांचे ग्रुप, मधे नळी गार होऊ द्या. स्लगचा धक्का जबर असतो. खांदा दुखायला लागला की डोळे मिटतात आणि पुढचे सगळे बार फुकट, तेव्हा त्या दिवशी तिथेच थांबा. जे काडतूस जमलं ते घेऊन टेबल सोडा आणि गुडघ्यावर बसून, उभं राहून पंधरा सेंटीमीटरच्या ताटलीवर पाच बार काढा. पाचही ताटलीत बसतात तेवढंच तुमचं अंतर, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

नळीवर चोक आणि चेंबरची लांबी कोरलेली असेल ती इथे लिहा, आणि मचाणापासून जनावराची वाट किती लांब आहे तेही. मग कुठली काडतुसं आधी तपासावीत ते सांगता येईल.