'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही करावी का?

प्रश्न: माझे यजमान दुबईत नोकरीला होते. सुट्टीवर येताना विमान उतरलं आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेलं, त्यात ते गेले. सोळा महिने झाले. विमान कंपनी पस्तीस लाख देते, पण 'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही मागते. चौकशी अहवाल आल्याशिवाय जास्त मिळणार नाही म्हणते. दीर म्हणतात, सही करून मोकळी हो. – एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, सही करू नका. त्या पावतीने तुमचा पुढचा सगळा दावा बुडू शकतो.

प्रवास परदेशातून होता, म्हणून 1972 चा कॅरेज बाय एअर अ‍ॅक्ट आणि त्यातला मॉन्ट्रियल करार (विमानप्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतो. करारातल्या मर्यादेपर्यंत (मूळ 1 लाख एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक; पुढे वाढवलेली, रुपयांत कोटीच्या वर) कंपनीची चूक सिद्ध करावी लागतच नाही. त्यावरच्या रकमेसाठी आपली चूक नव्हती, हे कंपनीनेच दाखवायचं. अहवालासाठी तुम्ही थांबायचं कारण नाही.

मात्र ही रक्कम आपोआप हातात पडत नाही. 22 मे 2010 ला मंगळूरला विमान धावपट्टीपुढच्या दरीत कोसळून 158 माणसं गेली. त्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2011 मध्ये सांगितलं, की किमान भरपाई असं काही नाही, नुकसान सिद्ध करावं लागेल. म्हणून यजमानांचं नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे आजच मागवा. भत्त्यांचे आकडे मुळीच सोडू नका. त्याच अपघातातल्या एका कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये 7.64 कोटी आणि 9 टक्के व्याज दिलं. मालकाने पगार वेगवेगळ्या शीर्षकांखाली दाखवला म्हणून त्यातले भत्ते वगळता येत नाहीत, असं न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं.

आता मुदत. विमान पोचायला हवं होतं त्या दिवसापासून दोन वर्षं, नंतर हक्कच संपतो. कंपनीशी पत्रव्यवहार चालू असला तरी ही मुदत थांबत नाही. तुमच्याकडे आठ महिने आहेत. रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. मागणी कोटींची असली तरी आयोगाची पातळी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) तिकिटाला मोजलेल्या रकमेवर ठरते.

घरखर्चाची ओढाताण असेल तर कंपनीकडे लेखी मागणी करून आगाऊ रक्कम घ्या. ती पुढे अंतिम भरपाईतून वजा होईल, पण तिने दावा संपत नाही. पावतीवर मात्र 'आगाऊ, हक्क राखून' असं लिहूनच सही करा. दिरांनाही हे उत्तर वाचायला द्या.